मेहविशच्या चौदा ओळी

२ जून, सोमवार
आजपासून शिस्त. कांदाचाळीतली ओल मोजणारं आमचं यंत्र चांदवडला दर चार दिवसांनी बंद पडतं. त्याचा कर्नेल, म्हणजे गाभ्यातला प्रोग्राम, मेमरी घेतो, परत देत नाही. टीममधल्या नव्या मेहविशने दुरुस्तीचा पॅच पाठवलाय. तपासणार मी, अकरा वर्षांचा अनुभव! पल्लवी मॅडम म्हणाल्या, टीम लीड कोण ते महिनाअखेर ठरवू. म्हणजे ठरलंच.

३ जून
पॅच जेमतेम चौदा ओळींचा. चौदा ओळींत कुठे मेमरी सुटते? पोरीला घाई फार. उद्या सखोल वाचतो. तूर्त ओळींमधल्या मोकळ्या जागांवर नऊ हरकती नोंदवल्या.

५ जून, दुपारी ३
नऊही दुरुस्त होऊन आल्या. आता वाचावंच लागणार. घरूनच काम. हर्षालीला बजावलं, कर्नेल वाचतोय, हाक मारू नकोस. तिने विचारलं, मग डोळे मिटून का? बायकोला चिंतन कळत नाही.

११ जून
चांदवडहून धोंडीराम आहेरांचा फोन. म्हणाले, सायेब, यंत्र परत झोपलं, लय कांदा हाय आत, सडला तर मी काय करू? बंद करून चालू करा म्हटलं. पॅच माझ्याकडेच पडलाय हे सांगायची गरज वाटली नाही.

१३ जून
मीटिंगमध्ये जाहीर विचारलं, ही मूळ घाण कोणा गाढवाची? सगळे हसले. मेहविश हसली नाही. हळूच म्हणाली, सर, पॅचवरचा मजकूर एकदा वाचा ना. खोचक पोरगी.

१६ जून
वाचला. दुरुस्ती कुठल्या जुन्या बदलाची, हे वर लिहायची कर्नेलवाल्यांची रीत आहे. बदल २०१९चा. माझा. खाली 'कसून तपासलं' अशी सहीसुद्धा माझीच. चालायचंच. मी पाया घातला नसता तर पोरीने दुरुस्त काय केलं असतं? तरी जेवण गेलं नाही.

१७ जून
चौदा ओळी वाचल्या. सात मिनिटं लागली. बरोबर होत्या. मंजुरी दिली.

२८ जून
यंत्र दहा दिवस सलग चालू. आहेरांचा फोन आला. मी उचलला. त्यांनी मेहविशताईला द्या म्हटलं.

१ जुलै
लीड मेहविश. मोठ्या मनाने अभिनंदन केलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आता माझं काम ती तपासणार. तपासू दे! दुपारी नवा बदल पाठवला, बोट ठेवायला जागा नाही असा.

१ जुलै, सायंकाळी ५
तिचं उत्तर आलं. वाल्मीक सर, मेमरी परत द्यायची राहिलीय, मी जोडू की तुम्ही जोडताय?
तूच जोड, असं कळवलं.