कामिनीच्या रागाची परीक्षा

चि. धनुबाई हिस,
प्रकाशा गावाहून तुझ्या थोरल्या बहिणीचे, पार्वतीचे, पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत.

आमची कामिनी (लखनची लेक, चौथीतली) आखाजीच्या सणापासून माझ्याशी धड बोलत नव्हती, हे तुला ठाऊक नाही. हाक मारली की हं, जेवायला बोलावलं की हं. आधी मी खूश, म्हटलं पोर शहाणी झाली. मग घर इतकं गप्प झालं की मी कोंबड्यांशी बोलू लागले.

अशात जिल्हा परिषदेच्या शाळेत परीक्षा निघाली, मनाची. राग येतो का, रडू येतं का, मनातलं कोणाला सांगतेस, असले प्रश्न. आता असे प्रश्न आपण कुठे ऐकले? मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हाच. मग मी तशीच तयारी करून घेतली. मान खाली, आवाज हळू, राग कधीच येत नाही, रडू कधीच येत नाही (स्वयंपाक विचारला तर सगळा येतो). लखन आणि सून केळीच्या मळ्यात, म्हणून पालकांचा कागदही मीच भरला. सगळीकडे ‘कधीच नाही’. वर लिहिलं, आमच्या घरात कोणी रागावत नाही (तुझे दाजी सोडून, पण तेवढी जागा नव्हती).

शनिवारी शाळेच्या कोकिळा मॅडम तो कागद घेऊन घरी आल्या. मी पोहे टाकले. त्या म्हणाल्या, यात पास-नापास नसतं काकू, पण नऊ वर्षांची पोर कधीच रागवत नाही म्हटल्यावर मला काळजी वाटते. मग त्यांनी चेहऱ्यांची चित्रं मांडली आणि कामिनीला विचारलं, यातलं कुठलं कोणाला द्यावंसं वाटतं? पोरीने लालबुंद चेहरा उचलला आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

“आजी, तू मन्ही बकरी माले न इचारता दी टाकी.”

आणि जी सुरू झाली, अर्धा तास. शेवटी रडली, माझ्याच पदराला नाक पुसलं. मी म्हटलं, चुकलं माझं (हे मी तुझ्या दाजींनाही कधी म्हटलेलं नाही). पोहे थंड झाले. आता दिवसभर भांडते माझ्याशी. कान किटतात, पण जीव गार होतो.

घरात लहानमोठ्यांना आठवण सांग.
तुझी पार्वती

ता. क. बकरी म्हणजे तीच, आखाजीला तू माझ्याकडे माहेरपणाला आलीस तेव्हा मी तुझ्या गाडीत चढवली ती. रविवारी लखन टेम्पो घेऊन तुझ्याकडे खांडबाऱ्याला येतो आहे. सोबत कामिनी आहे. मॅडमनी तिला मनातलं मोकळं बोलायला शिकवलं आहे, तेव्हा ती टेम्पोतून उतरायच्या आत दोरी सोडून ठेव.

ता. क. दुसरे: तुला राग येईल. येऊ दे, दाबू नकोस, मॅडम म्हणतात ते चांगलं नसतं. फक्त आधी बकरी टेम्पोत चढू दे.