विषय क्रमांक सात

१ सप्टेंबर, सकाळी ७
दूध संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आली. विषय क्रमांक सात: माळावरचं संध्याकाळचं संकलन केंद्र बंद करणे. म्हणजे आमच्या वस्तीनं संध्याकाळचं दूध गावात नेऊन घालायचं. जाऊन-येऊन चार किलोमीटर. सौ. म्हणाली, माझ्या गुडघ्यानं एवढं व्हायचं न्हाय, दोनातली एक म्हैस इकून टाकू.
रक्त उसळलं. म्हैस विकली जाणार नाही. मी बोलणार. या तालुक्यात बोलणारं दुसरं उरलंय कोण?

१ सप्टेंबर, दुपारी
चेअरमन अमरसिंह रस्त्यात भेटले. म्हणाले, हंबीरराव, आमचा काय हट्ट न्हाय. वस्तीवाल्यांनी सभेत नको म्हणावं, विषय मागं घेतो की.
इतकं सोपं? संशय येतो. तयारी दुप्पट करणार.

४ सप्टेंबर
संकल्प: साधं बोलायचं. छोटी वाक्यं. जड शब्द बंद. दहा मिनिटं, बस्स. गेल्या वर्षी वाचनालयात माझ्या भाषणातून लोक मधेच उठून गेले ते माईक खराब होता म्हणून. तरी यंदा साधेपणा. त्यावर घरात पाच पुस्तकं आहेत. आजपासून सगळी वाचतो.

७ सप्टेंबर
पहिली अकरा पानं तयार. विषय: भाषणात साधेपणा का हवा. आधी हे लोकांना पटलं पाहिजे, मग साधं बोलता येईल. दुधाचा मुद्दा अजून आलेला नाही. येईल.

८ सप्टेंबर, सकाळी
चैन नाही. गोठ्यात फेऱ्या मारत भाषण म्हटलं. सौ.नं बाहेर काढलं. म्हणे, म्हशी पान्हा चोरत्यात.
स्वप्नालीला पानं दाखवली. पोरगी कॉलेजात जाते, जाण असेल असं वाटलं. म्हणाली, पप्पा, एकच वाक्य बोला आन् बसा. माळावरचं केंद्र बंद करू नका.
हे वाक्य कुणीही बोलेल. मग माझी गरज काय?

८ सप्टेंबर, दुपारी
तिच्या वाक्यात दम नाही, पण जागा देऊ. पान एकोणीस, शेवटून दुसरी ओळ. तिथपर्यंत चढत जायचं. सुरुवात ग्रीसपासून. लोकशाही तिथली.

११ सप्टेंबर
पाठ होईना. कापायला बसलो. तीन ओळी कापल्या, दोन पानं वाढली. कापलेलं का कापलं हे सांगणं भाग होतं.

१४ सप्टेंबर, सकाळी ९
आज सभा. फेटा बांधला. सौ. म्हणाली, म्हशीचं तेवढं बोला. मी म्हणालो, निश्चिंत राहा.

१४ सप्टेंबर, दुपारी ४
सविस्तर नोंद करतो. पुढच्यांना उपयोग होईल.
विषय एक ते सहा चार मिनिटांत मंजूर. बाहेर मसालेभात तयार, वास मांडवात. सातव्याला मी उठलो. माईक उत्तम. ग्रीस झालं, रोम झालं, साधेपणाची महती झाली. लोक तल्लीन, काहींचे डोळे मिटलेले. पान बारावर घसा कोरडा पडला, पाण्याचा घोट घ्यायला थांबलो.
बोलणारा थांबला की मंजूर म्हणायची आमच्या सभांची पद्धत. मांडव गर्जला, मंजूर! मंजूर! सगळ्यात मोठा आवाज आमच्याच वस्तीचा, त्यातही शेजारी केरबाचा. सचिवांनी लिहून घेतलं. मी ग्लास ठेवेपर्यंत राष्ट्रगीत सुरू. उभा राहिलो. मान राखला पाहिजे.
निष्कर्ष: पाणी आधी प्यावं.

१५ सप्टेंबर
अमरसिंहांना फोन केला. म्हणाले, आता ठराव झाला, पुढच्या सप्टेंबरात बघू. आणि तुम्ही आमच्याच बाजूनं बोलला न्हवं?
सौ. जेवायला वाढते. ताट मात्र आपटते. व्यापारी म्हैस बघून गेला.

१६ सप्टेंबर
संकल्प: म्हैस ठेवायची. दूध मी नेणार. थोर वक्ते चालता चालताच चिंतन करत.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी ७
नेलं. किटली दिसते त्यापेक्षा जड असते. चिंतन झालं नाही.
येताना केरबा सोबत होता. तोही किटली घेऊन, घामाघूम. म्हणाला, हंबीरराव, भाषण झ्याक झालं. पर म्हणत काय हुतासा?
दम लागला होता. ग्रीसपर्यंत जाण्याची ताकद नव्हती. म्हणालो, माळावरचं केंद्र बंद करू नका.
केरबा रस्त्यातच थांबला. मग ह्ये तिथं का न्हाय सांगितलं? आम्ही मंजूर म्हटलं असतं व्हय?
खिसे चाचपले. सगळी पानं घरी होती.
घरी आलो. स्वप्नालीनं विचारलं, केरबाकाका काय म्हणत होते? मी म्हणालो, हवापाण्याच्या गप्पा.
उद्या पुन्हा साडेपाचला निघायचं. पुढच्या सप्टेंबरपर्यंत.