तेरावा हात

नागपूर,
२ जुलै २०२४

ती. बाबांस करिष्माचा सा. न. वि. वि.

नदीला पूर आल्यापासून गावात फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. मी बरी आहे, फक्त मेसचा भात घशाखाली उतरत नाही.

उन्हाळ्यात डोंगरातल्या खडकावर गेरूने उमटवलेले हात मी मापून आणले ना, त्यावरच माझा प्रबंध आहे. बारा हात मोठ्यांचे, आणि सगळ्यांत वरचा तेरावा लहान लेकराचा, करंगळी बाहेर झुकलेली. हजारो वर्षांपूर्वीचं लेकरू, बाबा. उंचावर आडोशाला असल्यामुळे त्याचा रंग जास्त टिकला, असं मी लिहिलं आहे. सर खूश आहेत. ऑगस्टच्या परिषदेत याच हातावर निबंध वाचायचा आहे, तो जमला की शिष्यवृत्ती पक्की. तो हात मापताना तुम्ही शिडी धरून अगदी गप्प होतात. चहाची तल्लफ आली होती की काय?

आईच्या गुडघ्याचं कळवा. तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
करिष्मा


भामरागड,
१६ जुलै

चि. करिष्मास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र डाकवाल्या दसरूने नावेतून आणलं. धानाची रोवणी सुरू आहे. गुडघा दुखतो तरी तुझी आई बांधीतल्या चिखलात उतरायचं सोडत नाही.

पोरी, तो तेरावा हात तुझा आहे. पाच वर्षांची असताना तू महिनाभर तापाने पडून होतीस. जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या लेकराचा हात आपण त्या जुन्या हातांजवळ लावतो, म्हणजे पूर्वजांनी त्याला धरून ठेवावं. ते बारा माझ्या आज्यानेही असेच पाहिलेले. बाकी लेकरांचे हात खाली लावलेले, दोन पावसाळ्यांत धुऊन गेले. तुझा जाऊ नये म्हणून मी तुला खांद्यावर उभं केलं आणि वर लावला. करंगळी बघ तुझी. माझीही तशीच आहे.

शिडी धरली तेव्हा वाटलं, तुला ठाऊकच असेल. तुझं पत्र ऐकून तुझी आई म्हणाली, तिले काऊन सांगता, पोरीचं नुकसान होईन. चार दिवस कागद पुढे घेऊन नुसता बसलो. पण तुझं नाव खोट्यावर मोठं झालेलं मला बघवणार नाही. माझ्यावर रागावू नकोस.

तुझा बाबा,
इतवारी


नागपूर,
५ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी करंगळी पाहिली, मग खूप रडले. राग आला तो माझाच. दोन महिने मी स्वतःचाच हात मापत होते आणि मला कळलं नाही. लहानपणीच आश्रमशाळेत गेले, त्यामुळे ही रीतही कधी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. परिषदेतला निबंध मी मागे घेतला, शिष्यवृत्तीही यंदा गेली. प्रबंध मात्र नव्याने लिही, असं सर म्हणाले, आणि हात लावायच्या रीतीवर एक प्रकरण वाढवायला सांगितलं. त्यासाठी आई आणि तुम्ही सांगाल ते सगळं मला लिहून घ्यायचं आहे. दिवाळीला येते. या खेपेला शिडी मी धरीन.

हातांचा तक्ता काल पुन्हा केला. त्यात दोन नवे रकाने आहेत, हात कोणाचा आणि कोणी लावला. बारा हातांपुढे दोन्ही रिकामे राहिले. तेराव्यापुढे माझं नाव लिहिलं, आणि त्याच्या शेजारी तुमचं.

माझ्यावरचा हात काढू नका.

तुमची,
करिष्मा