कंट्रोल पॅनेलची चौकशी

आप्पा,

काल वडूजच्या लग्नात काकांनी पंगतीत सगळ्यांना सांगितलं, की आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे तुम्ही आणलात, तोही माझ्यासाठी. माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती आणि मी ताटाकडं. चाळिशी केव्हाच ओलांडली, तरी खरं काय झालं ते तिथं बोलता आलं नाही. म्हणून घरी येऊन लिहायला बसले. मला तुमचा राग आहे, आणि तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली म्हणून तो कमी करायला मी तयार नाही.

कॉम्प्युटर आणला हे खरं. तुमच्या पलटणीतल्या मित्राच्या मुलानं तो सांगलीत जोडला आणि एसटीतून मांडीवर घेऊन साताऱ्याला आणला. तुम्ही त्याला खाकी कापडाचं कव्हर शिवून घेतलंत. माझी बारावी नुकतीच झाली होती. दुपारी कव्हर काढायचं, घडी घालून खुर्चीवर ठेवायचं आणि बसायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून पडद्याचे रंग बदल, माउसचा बाण हळू कर, आवाज लाव, परत होतं तसं कर. मला टायपिंगपेक्षा हे आवडायचं. एखादी गोष्ट कशावर चालते ते आत जाऊन बघता येतं, आणि बघितलं म्हणून कुणी ओरडत नाही, असं दुसरं काहीच त्या घरात नव्हतं. सांगलीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा निघाला होता. मी रोज विचारायचे, तुम्ही रोज ‘बघू’ म्हणायचात.

आणि एक दिवस मी स्टार्टवर जाते, सेटिंग्जवर बाण नेते, तर कंट्रोल पॅनेल नाही. प्रिंटर्सही नाही. टास्कबारची एकटी ओळ राहिलेली. माय कॉम्प्युटर उघडते, तिथंही नाही. मशीन बंद करून चालू करते. रिसायकल बिन बघते, रिकामा. मी स्वतःहून तुमच्याकडं आले, आप्पा. लपवलं नाही.

तुम्ही सगळी नोकरी फौजेच्या स्टोअरमध्ये काढलेली. तुम्ही टेबलापलीकडं खुर्ची घेतलीत आणि मला उभं ठेवलंत.

“लास्ट हात कुणाचा हुता?”

“माझाच.”

“मग सामान गेलं कुटं?”

“आप्पा, मी काही काढलं नाही.”

“सामान आपल्या पायानं जात न्हाई.”

आतून आई म्हणाली, “आवं, पोरगी हाय ती, जवान न्हाई. बसू तरी द्या तिला.”

“तू मधी बोलू नगंस. चौकशी चाललीया.” आणि मला म्हणालात, “रविवारपतुर हुडकून काढ. न्हाई सापडलं तर त्या मशीनला पुन्ना हात लावायचा न्हाई.”

मी हुडकलं. फाइंडमध्ये नावं घालघालून अख्खी डिस्क पालथी घातली. एका फोल्डरमध्ये कंट्रोल नावाची फाइल सापडली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. तिच्यावर दोनदा क्लिक केलं, तर पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. या कॉम्प्युटरवर निर्बंध घातलेले आहेत, व्यवस्था बघणाऱ्याला भेटा, असं काहीतरी. मी डिक्शनरी घेऊन शब्द न् शब्द बघितला आणि पळत तुमच्याकडं आले. तुम्ही अंगणात दाढी करत होता.

“आप्पा, ते हरवलेलं नाही. कुणीतरी बंद करून ठेवलंय. त्यातच लिहिलंय.”

तुम्ही आरशातूनच बघितलंत. “घरात तीन माणसं. मग कुणी घातली बंदी? तुझ्या आयेनं?”

मी हसले. आई स्टोव्हला पिन मारत होती, तीही हसली. तुम्ही मात्र गालावरचा साबण ओढत राहिलात. मला इतर सगळ्यापेक्षा त्या हसण्याचा राग येतो. तुम्ही आम्हा दोघींना हसू दिलंत.

रविवारी निकाल लागला. “घरची मशीन जिला संभाळता आली न्हाई, ती सांगलीला जाऊन काय दिवं लावनार?” मी साताऱ्यातच बीए केलं, मग बीएड, मग लग्न होऊन पलूसला शाळेत मराठी शिकवायला लागले. वाईट काही झालं नाही. पण कितीतरी वर्षं मी स्वतःला हात लावीन ते बिघडवणारी बाई समजत होते. मिक्सर बंद पडला तरी आधी म्हणायचे, माझंच काहीतरी चुकलं असेल.

शाळेच्या कॉम्प्युटरसाठी एकदा सांगलीला, आपला कॉम्प्युटर जोडणाऱ्या त्या मुलाच्या दुकानात गेले. आता तो चांगला जाडजूड झाला होता. गप्पांत मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. तो हातातलं काम ठेवून म्हणाला, “ताई, तुमाला म्हाईत न्हवतं? मीच बंद केलं हुतं की. तुमी मैत्रिणीकडं गेला हुता. आप्पा म्हनले, पोरीला लय नाद लागलाय, घर सोडून जायची भाषा करती, तेवढं बंद करून टाक. आवं, मला वाटलं तुमी भांडून कवाच उघडून घेतलं आसंल.” आणि कसं उघडायचं ते त्यानं मला दाखवलं.

दिवाळीला मी साताऱ्याला आले ती विचारायचंच ठरवून. तुम्ही त्याच मशीनवर पत्ते खेळत होता. वाळला होता खूप. “बरं झालं आलीस,” म्हणालात, “आवाज येत न्हाई कवाधरनं. घड्याळबी चुकीचं दावतंय. बघ जरा.” मी बसले. कंट्रोल पॅनेल अजून बंदच होतं. मला अडवायला घातलेली बंदी तुम्हाला स्वतःलाही कधी काढता आली नव्हती, आणि कुणाला सांगताही आलं नव्हतं. तुमच्यादेखत मी ती काढली. मशीन परत चालू झालं, सेटिंग्जवर बाण नेला आणि सगळी यादी उघडली.

तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. “सापडलं व्हय,” म्हणालात.

“हो,” मी म्हणाले. “सापडलं.”

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एवढं सांगून टाकते. आवाज आणि घड्याळ लगेच नीट झालं होतं. तरी मी तिथून उठले नाही. उगाच एकेक चौकट उघडून बंद करत बसले, तुम्हाला बोलायला वेळ मिळावा म्हणून. तुम्ही शेजारी बसून सगळं बघत होता. मग म्हणालात, “झालं आसंल तर च्या ठेव.”

मी उठून चहा ठेवला.