माडीवरचं लोणी

९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. आ.

आज पावाला लोणी लावताना एकदम आपली माडी डोळ्यांपुढे आली. खाली दुकान, वर आपण. आई चौकोनी टेबलावर लोण्याची बशी ठेवायची, तू पावाची वाट न बघता बोटानंच सुरू व्हायचास, आणि अण्णा खाली ड्रायक्लीनिंगचं मशीन चालू करून, हात पुसत वर यायचे. त्यांच्याबरोबर तो गोडसर, स्वच्छ वास यायचा. तू त्यांच्या बाहीला नाक लावून बसायचास. मला बोर्डिंगच्या शाळेत टाकलं तेव्हा तिथलं लोणी इतकं बेचव लागलं, की पहिल्याच रविवारी मी रडत घरी पत्र लिहिलं होतं. मोठ्या सिस्टरनी ते वाचलं आणि म्हणाल्या, या मुलीला आईपेक्षा लोण्याची आठवण जास्त येते.

आता कामाचं. तुझ्या सूनबाईचं पत्र आलं होतं. तिच्यावर रागावू नकोस, तिनं चहाडी केलेली नाही. मीच खोदखोदून विचारलं. तिला दिवस राहिल्यावर तू हौसेनं मुलाला आणि तिला माडीवर आणलंस, पण तेव्हापासून दुपार झाली की तिचं डोकं ठणकायला लागतं. माहेरी गेली की थांबतं. आणि माडीवरच्या लोण्याला दुकानाची चव येते, असं तिनं हसण्यावारी लिहिलं आहे. मला काही हसू आलं नाही. आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. मशीनमधल्या सॉल्व्हंटची, म्हणजे कपडे धुण्याच्या द्रवाची, वाफ तक्तपोशीच्या फटींतून वर जाते, म्हणाल्या, आणि लोण्यासारखा स्निग्ध पदार्थ ती शोषून घेतो. पोटातल्या बाळाला ती मुळीच चांगली नाही. आणि बाळाची खोली तू नेमकी मशीनच्या डोक्यावर काढली आहेस.

हवा तपासून घे. अण्णांचं दुकान आहे, मला कळतं. तरी घे.

तुझ्यावरची माया जुनीच आहे, तिला इस्त्री लागत नाही.

तुझी
ताई

*

१६ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कुणी बघू नये म्हणून काउंटरखाली बसून वाचत होतो, तर एका गिऱ्हाइकाला दुकान बेवारशी वाटलं. आपला कोट आपणच शोधून घेऊन गेलं.

ताई, तू शिकलेली, मी दुकानदार. पण आपण दोघं त्याच वासात वाढलो. तुला काय झालं? मला काय झालं? पोट सुटलं, त्याचा ठपका काही सॉल्व्हंटवर ठेवता येत नाही. लोक दुकानात शिरताना मुद्दाम मोठा श्वास घेतात आणि म्हणतात, वा, कसं स्वच्छ वाटतं. सूनबाई गुणाची आहे, पण नाक फार तिखट. परवा म्हणाली, मामंजी, तुमच्या टोपीलाही वास येतो. मी म्हटलं, टोपीच्या आतल्या मालाला येत नाही ना, मग झालं.

मुलगा मात्र हल्ली जेवण उरकून लगेच बाहेर पडतो. दुसरीकडे जागा बघतोय, असं कानावर आलं. तुझी भावजय गेली तेव्हा माडी एकदा रिकामी पाहिली आहे, ताई. पुन्हा बघायची ताकद नाही.

म्हणून एक पैज लावली आहे. लोण्याच्या एकाच वडीचे दोन भाग करायचे. एक आपल्या माडीवर ठेवायचा, दुसरा समोरच्या टेलरच्या घरी. मग टेलरनं आणि मी डोळे बांधून दोन्ही चाखायचे. फरक निघाला तर मशीन बंद करून तपासणी. नाही निघाला, तर बाळाला बघायला येशील तेव्हा सगळ्यांदेखत म्हणायचं, की आमच्या भाऊचं खरं होतं. आत्तापासून सराव कर.

पैजेतही लोभ कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा
भाऊ

*

२४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

मामंजी रोज पत्र लिहायला बसतात आणि उठतात. शेवटी मला म्हणाले, तूच लिही, तुझंच नाक जिंकलं आहे.

चाखायचा कार्यक्रम काउंटरवरच झाला. दोघांचे डोळे मफलरनं बांधले. टेलरकाकांनी पहिला घास तोंडात घातला आणि तसेच आंधळ्यासारखे चाचपडत मोरीकडे धावले. म्हणाले, हे लोणी आहे की कोटाचं अस्तर. मामंजींनी दोन्ही घास सावकाश खाल्ले. मग पहिल्या बशीवर बोट ठेवून ठासून म्हणाले, हे खरं ताजं लोणी, अगदी आईच्या हातचं; आणि त्या दुसऱ्याला तर काही चवच नाही.

मफलर सोडल्यावर त्यांना दिसलं, की बोट माडीवरच्या बशीवर आहे. टेलरकाका आधी खूप हसले. मग मामंजींच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. मामंजी स्टुलावर बसले. मला विचारलं, डोकं आत्ताही दुखतंय का गं? मी हो म्हटलं. ते उठले आणि भरल्या मशीनचं बटण बंद केलं. बाहेर ‘दुकान बंद’ची पाटी लावायला गेले, पण ती सापडेना, कारण कधी लावलीच नव्हती.

हवा तपासणाऱ्या बाई येऊन गेल्या. मशीनच्या दाराचं रबर झिजलेलं होतं, मागच्या सॉल्व्हंटच्या पिंपाचं झाकणही सैल होतं. बाळासाठी आणलेल्या पाळण्यापाशी यंत्राचा आकडा बघून त्यांनी आधी खिडकी उघडली. मशीनचा गाळ कुठे टाकता, असं विचारलं, तेव्हा मामंजी त्यांना परसातल्या त्या कोपऱ्यात घेऊन गेले, जिथे गवतसुद्धा उगवत नाही. आजेसासऱ्यांपासून तिथेच ओतत आले आहेत. मातीचे आणि परसातल्या पंपाच्या पाण्याचे नमुने नेलेत, आणि निकाल येईपर्यंत ते पाणी प्यायचं नाही असं बजावलं आहे.

डॉक्टर म्हणतात, बाळाची वाढ व्यवस्थित आहे. फक्त पुन्हा त्या हवेत राहू नका. आम्ही टेलरकाकांच्या वरच्या खोल्यांत आलो आहोत. दिवसभर शिलाई मशीनची खडखड असते, पण डोकं दुखत नाही. मामंजींनाही इकडेच आणलं. यांनी जागा शोधणं सोडलं आहे. मामंजी सकाळी पावाला साधं लोणी लावतात आणि औषधासारखं तोंड करून खातात.

आशीर्वाद दोघांसाठी पाठवावेत, एकाचे कमी पडतील.

आपली
सूनबाई

*

११ मार्च

चि. भाऊस,
अ. आ.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. पंपाचं पाणी चांगलं निघालं, कोपऱ्यातली माती मात्र खणून न्यावी लागणार. सॉल्व्हंट कायमचं बंद, आता पाण्यावर चालणारं मशीन. उरलेल्या सामानाचं काय करायचं ते तूच सांग, असं लिहितोस. सांगते.

त्याआधी एक. बोर्डिंगमधलं लोणी आठवून मी परवा एकटीच हसले. बिचाऱ्या सिस्टर्स चांगलं लोणी वाढत होत्या. मग अण्णा आठवले. शनिवारी मशीन आतून साफ केलं की गाणं म्हणत वर यायचे आणि जिन्याची एखादी पायरी चुकायचे. अण्णा आज खुशीत आहेत, असं आपण म्हणायचो. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले, कोटाची बटणं आई लावून द्यायची. ते कशानं झालं, आता कोण सांगणार. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तुलाही आजवर नाही. तुला सांगितलं, आणि तू बटण बंद केलंस. मनाला लावून घेऊ नकोस.

आता वाटणी. पिंप आणि गाळ फक्त सरकारी गाडीला. भंगारवाला पिंपाची कितीही तारीफ करो, त्याला द्यायचं नाही. उद्या त्यात कुणीतरी पिण्याचं पाणी भरेल. बेवारशी कोट मोकळ्या हवेत दोरीवर टांगून ठेव, वास पुरता गेला की ज्यांना थंडीत रात्रपाळी असते त्यांना वाट. मोठी इस्त्री टेलरला. त्यानं खोल्या दिल्या आणि जीभही पणाला लावली. काउंटरवरची घंटी बाळाला, पण ती वाजवायच्या वयात आल्यावरच, नाहीतर सूनबाईचं डोकं पुन्हा दुखेल.

अण्णांचा करडा कोट मला. एरवी म्हटलं असतं, तसाच पाठव, नाक लावून बसेन. आता साबणाच्या पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून पाठव. त्यात अण्णा उरले नाहीत असं वाटलं, तर खिसे बघेन.

आईची लोण्याची बशी सूनबाईला. सोड्यानं घासून, उकळत्या पाण्यातून काढून दे. तिनं त्यात तेच बेचव लोणी ठेवावं, आणि बाळाला पाव खाता यायला लागला की पहिला घास तू भरवावास, तोंड वाकडं न करता. त्याला तीच घरची चव वाटू दे.

तुझी
ताई