बाईंचं शेवटचं कार्ड

आदरणीय बाईंस,
मिरजेहून तंबोरेवाल्या बाबूलालचा सलाम.

तुमच्या हयातीत मी तुमच्या एकाही पत्राला उत्तर लिहिलं नाही. माझं अक्षर वाकडं, आणि एवढ्या नामांकित गायिकेला मी काय लिहिणार? आज लिहितोय, कारण काल सांगलीहून एक गृहस्थ आले होते. मोठ्या माणसांची गमतीची पत्रं जमवून ते छापणार आहेत. मी तुमची सगळी कार्डं त्यांच्यापुढे ठेवली. शेवटचं वाचून ते सगळ्यात जास्त हसले. तेवढं मी मागून घेतलं, बाकीची दिली.

पहिलं कार्ड आठवतं का? मी नवा तंबोरा साताऱ्याला धाडला होता. तुम्ही लिहिलंत, "तंबोरा माझ्याहून गोरा निघाला. मैफलीत लोक त्याच्याकडेच बघतात. पुढचा जरा सावळा करा." कार्ड उघडं, म्हणून पोस्टमन गल्लीच्या तोंडापासूनच वाचत यायचा. माझ्या हातात पडेपर्यंत शेजारचे कारागीर हसून मोकळे झालेले असायचे.

एकदा कुठल्याशा संस्थानात राजेसाहेब तुमच्या पहिल्याच आलापात घोरायला लागले. "मग मी तंबोऱ्याकडे बघून गायले. तो तरी जागा होता," असं तुम्ही कळवलंत. तुमची रेकॉर्ड कुठे वाजताना ऐकली, की मला आधी ते राजेसाहेबच आठवायचे.

मग ते शेवटचं कार्ड आलं. "तंबोरा हल्ली माझ्याशी कुजबुजतो. एवढ्या वर्षांच्या ओळखीत चोरून बोलायचं काय कारण? एकदा येऊन त्याचे कान उपटा."

मी हसलो, बाई. दुकानात दोनदा वाचून दाखवलं. लढाईमुळे चांगली तार मिळत नव्हती. मला वाटलं, हलक्या तारेचाच दोष असणार. चांगली तार हाती लागली की जाऊ. घरात बायको म्हणाली, "आवं, बाईंनी आजवर कवा या म्हटलंय का? जावा की." मी म्हटलं, गाड्या पलटणींनी भरलेल्या असतात, बघू पुढं.

तो महिना गेला, पुढचाही गेला, आणि तुमच्या शिष्येचं, सुमनचं पत्र आलं. तापाचं निमित्त होऊन तुम्ही गेलात.

मी त्याच दिवशी निघालो. गाडीत उभ्यानं आलो. आता कशी शिरायला जागा मिळाली?

तुमच्या खोलीत तंबोरा भिंतीशी उभा होता. मी तारा लावल्या, छेडल्या. खोली भरून गेली. मी सुमनला म्हटलं, "ह्यात तर काहीच बिघाड न्हाई."

ती खाली बसली. म्हणाली, "बाईंना ऐकू कमी येत होतं. कुणाला कळू दिलं नाही. मैफली घेणं बंद केलं. मला म्हणायच्या, बाबूलाल येऊ देत. दोष तंबोऱ्याचा की माझा, ते खरं सांगतील."

तुम्ही माझी वाट बघत होतात! मिरजेत दवाखान्यांना काय तोटा होता? तुम्हाला सोबत घेऊन आलो असतो. इलाज झाला असता की नाही, देव जाणे. तुमच्या तोंडावर खरं सांगायचं धाडस तरी मला झालं असतं का? तेही सांगता येत नाही. पण बाई, एक कार्ड तरी न हसवता लिहायचं होतं. मी साधा माणूस. तुम्ही हसवलंत, मी हसलो.

सुमन म्हणाली, तंबोरा परत न्या, आता मी गाऊन काय करू. मी तिला एकदा गायला लावलं. बरी गात होती, पण वर जाताना पंचम उतरला. मी सवयीनं मान डोलावली. मग राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, पंचम उतरला."

तिचा चेहरा पडला. मग तिनं तीच जागा पुन्हा घेतली, आणखी एकदा घेतली. तिसऱ्या वेळी सूर नेमका लागला.

तंबोरा साताऱ्यातच ठेवून आलोय. महिन्यातून एकदा जाईन, बोलावण्याची वाट बघणार नाही. सुमनचा सूर उतरला तर तिच्या तोंडावर सांगेन, तिला राग आला तरी सांगेन. हा माझा शब्द.

तुमचा,
बाबूलाल