टाकीचे मोजे

प्रिय विशाल,

नितेश शनिवारी तुझ्या बोटीवर चढतोय, त्याच्या बॅगेत हे पत्र देतेय. फोन लागला की तू आधी म्हणतोस, कॅमेरा माशांच्या टाकीकडे फिरव. मग हात अवघडेपर्यंत मी तुझ्या त्या जिवंत प्रवाळांसमोर, तुझ्या लाडक्या कोरलांसमोर, फोन धरून उभी राहते, आणि माझी पाळी येईपर्यंत तुझी रेंज जाते.

टाकी ठीक आहे. रोज सकाळी पंप चालू ठेवून खडकांच्या फटींतला गाळ पिचकारीने उडवते. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं पाण्याबरोबर खालच्या टाकीत जातं आणि गाळणीच्या मोज्यात, त्या लांब कापडी पिशवीत, अडकतं. मोजा भरला की लगेच बदलते, नाहीतर घाण तिथेच कुजते आणि वर काचेवर शेवाळ चढतं. धुतलेले मोजे खिडकीतल्या दोरीवर वाळत घालते. समोरच्या मालनकाकूंनी विचारलंच, नवरा बोटीवर, मग हे एवढे मोठे मोजे कुणाचे? मी म्हटलं, सवतीचे. त्या खूप हसल्या. तेव्हा श्रुतिका घरात यायला लागली नव्हती.

घोळ माझ्याच हातून झाला. मोज्यांना साबण लावू नको असं तू बजावलं होतंस, म्हणून साबण टाळला. पण मोजे मशीनला लावले आणि त्यात कपडे मऊ करायचं ते वासाचं पाणी उरलं होतं. मोजा बसवला आणि थोड्याच वेळात फेस उतू जाऊन हॉलभर पसरला. घाबरून तुला मेसेज केला, आणि पवईहून तुझी ती कोरलवाल्यांच्या ग्रुपमधली मैत्रीण, श्रुतिका, हजर. बाई हुशार आहे, खोटं कशाला बोलू. एक मासा गेला, बाकी सगळं तिने वाचवलं. पण तेव्हापासून दर रविवारी येते. 'आपली टाकी' म्हणते. आपण दोघांनी भांडून भांडून जागा ठरवलेलं ते हिरवं कोरल तिने उचलून भलतीकडेच ठेवलं, आणि तू फोनवर म्हणालास, झकास दिसतंय. मी त्या दिवशी जेवले नाही. हो, जळते मी तिच्यावर. तिच्याशी बोलताना तुझा आवाज जसा खुलतो, तसा माझ्याशी कधीचा खुललेला नाही.

म्हणून इरेला पेटून सगळं शिकले. गेल्या रविवारी तिला करायला काही उरलंच नव्हतं. नुसती चहा घेत टाकीपुढे बसली आणि सहज म्हणाली, "करार सहा महिने वाढवलाय ना त्याने? तोवर हे कोरल दुप्पट होईल बघ." मी म्हटलं, "हो ना." जसं काही मला ठाऊकच होतं.

मला ठाऊक नव्हतं, विशाल. मी पुढच्या महिन्यात तुझी वाट बघत होते. पडदे धुतले होते, मानखुर्दला आईकडे जायचं पुढे ढकललं होतं. ती गेल्यावर मी कितीतरी वेळ बाथरूममध्ये रडत मोजे धूत बसले, आणि मग तिला कळवलं की यापुढे यायची गरज नाही. टाकीची काळजी करू नकोस, ती नीट राहील. पण तुझ्या येण्या-जाण्याची बातमी मला आधी कळली पाहिजे, आणि तीही तुझ्याकडूनच. ते जमणार नसेल तर सांग, खडक, मासे, मोजे, सगळं पवईला पोचवायची सोय मी करते. मग सुट्टीवर उतरलास की टॅक्सीवाल्याला आपलं घाटकोपर सांगायचं की तिची पवई, ते तुझं तू ठरव.

अजून तरी तुझीच,
चेतना